कुसळं

शरद म्हटला की चंद्राकडे पाहायचं आणि दूध आटवायचं, असा आपला रिवाज. दिवसाच्या शरदाला ऑक्टोबर हीटपलीकडे ओळख नाही. पण पाऊस माघारी गेलेला असतो, धूळ अजून उठायची असते, आणि दुपारी साडेचारनंतर टेकडीवरच्या गवतात जे चालतं त्यासाठी कोजागरीची वाट पाहावी लागत नाही. फक्त उन्हाकडे तोंड करून उभं राहायचं. सूर्य पाठीशी घेतला तर गवत नुसतं वाळकं दिसतं; समोर घेतला की एकेक तुरा आतून उजळतो. मारवेलचे तुरे जांभळट, पवन्याचे फिकट, आणि कुसळीचे तांबूस-काळे, शेंडे एकमेकांत गुंतून वेणी पडलेले. मोबाइलवर त्यातलं निम्मंही उतरत नाही. सोलापूर-बारामतीकडच्या माळांवर याच सुमाराला भोवत्या हे शिकारी पक्षी दाखल होतात आणि नाकतोडे टिपत गवताला लागून उडतात.

हे सगळं डोळ्यांत साठवून माणूस घरी येतो तेव्हा मोज्यांत पन्नास-साठ कुसळं असतात.

कुसळ म्हणजे नुसता काटा नव्हे, ते बी आहे. खाली सुईसारखं टोक, टोकाच्या वर मागे वळलेले राठ तांबूस केस, आणि वर पाच ते दहा सेंटिमीटर लांबीची शेपटी; तिचा खालचा भाग पीळ घातलेला, वरचा वाकलेला. बी जमिनीवर पडलं की रात्रीच्या दंवाने पीळ सुटतो, दुपारच्या उन्हाने पुन्हा बसतो. शेपटीचं वाकलेलं टोक शेजारच्या काडीला अडतं, मग फिरायचं काम टोकाला करावं लागतं. मागे वळलेले केस त्याला परत येऊ देत नाहीत. असं करत बी जमिनीत शिरतं. खरं वाटत नसेल तर पिकलेलं कुसळ तळहातावर ठेवून पिळावर पाण्याचा एक थेंब सोडावा. थोड्याच वेळात शेपटी स्वतःहून फिरू लागते. गावाकडच्या पोरांना यातलं काही माहीत नसतं. मूठभर कुसळं पुढच्याच्या पाठीवर फेकली की स्वेटरला घट्ट बसतात, एवढं पुरतं.

मोजे थेट भिजवण्याची घाई करू नये. पाणी लागलं की कुसळ फिरतं आणि आणखी आत जातं; मग धुऊन वाळवलेला मोजा महिन्याभराने भर मीटिंगमध्ये घोट्याला टोचतो. शेपटी धरून ओढण्यातही अर्थ नाही. ती तुटून हातात येते, टोक आतच राहतं. मोजा उलटा करावा, आतून टोक नखात धरावं आणि ज्या दिशेला ते निघालंय त्याच दिशेला पार ओढून काढावं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ झटकन दिसतं म्हणतात. स्वतःच्या मोज्यातलं शोधायला मात्र चष्मा लागतो. टेकडीवर जाताना सुळसुळीत कापडाची पँट मोज्यांवरून खाली ओढून घेतली तर बराच त्रास वाचतो. बरोबर कुत्रं असेल तर परतल्यावर त्याच्या बोटांच्या बेचक्या आणि कान तपासावेत. तिथे अडकलेलं कुसळ कातडीत शिरतं आणि जखम चिघळते.

गुरं पाळणाऱ्यांचं या गवताशी वैर नाही. कोवळी कुसळी जनावरं आवडीने खातात. फुलोऱ्यावर असताना, बी टणक व्हायच्या आत कापली तर पेंढ्या चांगल्या होतात. पंधरा दिवस उशीर झाला की कुसळं जनावरांच्या तोंडात टोचतात, मेंढ्यांच्या लोकरीत अडकतात. बी झडून गेल्यावर टोचण्याची भीती नाही, पण तेव्हा चाऱ्यात कस उरत नाही.

दिवाळी सरली की या गवताचा रंग उतरतो. मग कुणीतरी काडी लावतं, ‘पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं’ म्हणून. येतं, पण कुसळीच जास्त. तिचं बी जमिनीत आधीच शिरलेलं असतं, आग वरून निघून जाते. जळतात ती पावसाळ्यात लावलेली रोपं, सरडे, आणि वर उरलेलं सगळं. दरवर्षी पेटणाऱ्या टेकडीवर कुसळी वाढते आणि झाड काही उभं राहत नाही. जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळे केलेले पट्टे, वेळेत काढल्या तर हे पुष्कळसं टळतं. ते काम गवत पूर्ण वाळायच्या आत व्हायला हवं.