सानफूतलं बीजिंग आणि गार पाण्यातल्या नूडल्स

मधल्या फूच्या, म्हणजे उन्हाळ्यातल्या उकाड्याच्या तीन टप्प्यांतल्या दुसऱ्याच्या, पहिल्या दुपारी बीजिंगच्या हुतोंगांत, म्हणजे जुन्या गल्ल्यांत, नूडल्सच्या दुकानांबाहेर रांगा लागतात. राजवाडा आणि भिंत यांवर भरपूर लिहिलं गेलंय, म्हणून ते सोडून देते. मला लिहावंसं वाटतंय ते या रांगेबद्दल, कारण ती पंचांगाने लावलेली असते.

उन्हाळ्यातले सर्वांत उकाड्याचे दिवस म्हणजे सानफू, तीन फू. ते मोजायची रीत अशी: चिनी दिनगणनेत दहा दिवसांचं एक चक्र असतं आणि त्यातल्या सातव्या दिवसाला गंग म्हणतात. उन्हाळी अयनदिनानंतरच्या तिसऱ्या गंगला पहिला फू लागतो आणि चौथ्याला मधला. लीच्यू म्हणजे शरदारंभ, साधारण ७-८ ऑगस्टचा. त्याच्या नंतरच्या पहिल्या गंगला शेवटचा फू सुरू होतो. त्यामुळे मधला फू कधी दहा दिवसांचा, तर कधी वीस. २०२५ साली सगळे मिळून ३० दिवस होते. २०२६ मध्ये १५ जुलैपासून ४० आहेत. तिकीट काढण्याआधी एवढं बघून घ्या.

हा हिशेब आपल्याला परका वाटू नये. चिनी पंचांगाचे चोवीस सौर टप्पे सूर्याच्या मार्गाचे १५-१५ अंशांचे भाग आहेत, आणि आपली पावसाची नक्षत्रंही सूर्यावरूनच मोजतात. म्हणून तर मृग दरवर्षी ७-८ जूनलाच लागतो.

बीजिंगमध्ये पारा खरा चढतो तो बऱ्याचदा जूनमध्येच. २२ जून २०२३ ला तिथे ४१.१ अंश नोंदले गेले. पण ती कोरडी आग असते. सानफूत आकडा कमी आणि दमटपणा जास्त, त्यामुळे घाम वाळत नाही आणि भूक मरते. खाण्याचे नियम आले ते इथे. पहिल्या फूला डंपलिंग, दुसऱ्याला नूडल्स, तिसऱ्याला तव्यावरची पोळी आणि अंडं, असं बीजिंगकर म्हणतात.

मला सगळ्यांत पटल्या त्या गार नूडल्स. उकळून निथळलेल्या नूडल्स लगेच गार पाण्यात टाकतात. पहिल्या पाण्यात वरचा स्टार्च निघून जातो, दुसऱ्यात त्या गार होतात. एकाच पाण्यावर भागवलं की गोळा होतो, फार वेळ ठेवल्या की फुगून बेचव होतात, आणि नीट निथळल्या नाहीत तर सॉस पातळ होऊन ताटलीच्या तळाशी जातो. वर तिळाची पेस्ट. तीत पाणी एकदम ओतलं तर गुठळ्या होतात. दोन मोठे चमचे पेस्टमध्ये चमचा-चमचा गार पाणी घालत एकाच दिशेने फेटायचं. आधी ती आणखी घट्ट होते, चमचा फिरेनासा होतो, आणि तिथेच बरेचजण थांबतात. थांबू नका, आणखी चमचाभर घाला. अचानक ती सैल होऊन फितीसारखी ओघळू लागते. मग मीठ, ठेचलेला लसूण, काळं व्हिनेगर, काकडीच्या बारीक काड्या आणि ह्वाज्याओचं तेल. ह्वाज्याओ आपल्या तिरफळाच्या कुळातला. तो मंद आचेवर तळायचा आणि काळपटू लागताच काढायचा, नाहीतर तेल कडू होतं. शाकाहाऱ्यांनी मात्र सोयाबीनच्या काळ्या सॉसच्या नूडल्स न विचारता मागवू नयेत; त्यात बहुधा डुकराचं मांस असतं.

प्यायला स्वानमेईथांग, म्हणजे आंबट प्लमचं सरबत. धुरावलेले आंबट प्लम आणि वाळकं हॉथॉर्न (लहान आंबट लाल फळ) ५०-५० ग्रॅम, संत्र्याची वाळवलेली साल १० ग्रॅम आणि ज्येष्ठमध ५ ग्रॅम, हे सगळं अडीच लिटर पाण्यात तासभर भिजवून मंद आचेवर पाऊण तास उकळायचं. भांडं लोखंडी नको. आंबटाने लोखंड सुटतं आणि चव बिघडते. शेवटी १०० ग्रॅम खडीसाखर. ओस्मान्थसची वाळलेली फुलं गॅस बंद केल्यावर टाकायची, कारण उकळीत त्यांचा वास उडून जातो. दुकानात मिळणाऱ्या पावडरीच्या स्वानमेईथांगला नुसती गोड आंबट चव असते, धुराचा वास नसतो. गल्लीत मातीच्या घड्यातून ओतून देणारा दिसला तर तिथेच घ्या.