नागपूरहून पालम : एका वापिटीसाठी केलेला प्रवास

वायुसेनानगरात विमानांच्या देखभालीच्या कामावर असलेले आणि आता निवृत्त झालेले आमचे शेजारी काका यांच्यासोबत गेल्या फेब्रुवारीत दिल्लीला जाऊन आलो, तो पालमच्या वायुसेना संग्रहालयातील ‘वेस्टलँड वापिटी’ या एकाच बायप्लेनसाठी, म्हणजे एकावर एक अशा दोन पंखांच्या जुन्या विमानासाठी. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिघ रोड तळावर भारतीय वायुसेनेचे पहिले स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, उभे राहिले, तेव्हा त्याच्यापाशी याच जातीची चार विमाने होती.

संग्रहालयातील विमानावर ‘के’पासून सुरू होणारा क्रमांक आहे. असे क्रमांक ब्रिटिशांच्या रॉयल एअर फोर्सचे. भारतीय वायुसेनेचे स्वतःचे क्रमांक पुढे आले, त्यामुळे या विमानाच्या पहिल्या मालकाची खूण त्याच्या अंगावर तशीच राहिली आहे.

यातले मूळचे किती आणि डागडुजीचे किती, असे मी विचारताच काका हसले, आणि ते का हसले हे त्यांनी सांगितल्यावरच मला कळले. वापिटीचा जन्मच काटकसरीतून झाला. जुन्या डीएच-९ए विमानांची जागा घेणारे विमान हवे, पण भांडारात शिल्लक असलेले त्याचे सुटे भाग होता होईतो वापरात यावेत, अशी ब्रिटिश हवाई मंत्रालयाची अट होती, आणि १९२७ च्या मार्चमध्ये पहिले वापिटी उडाले ते डीएच-९एचेच पंख लावून. असल्या विमानाला मूळपणाची कसोटी लावायची तरी कशी?

टायगर मॉथ या जुन्या प्रशिक्षण विमानाची गोष्ट निराळी. वायुसेनेने एचयू-५१२ हे आपले टायगर मॉथ इंग्लंडमध्ये दुरुस्त करवून घेतले आणि २०१२ मध्ये ते पुन्हा उडवले. लाकडी पंखांचे, वर डोप (कापड ताणून घट्ट करणारा लेप) चढवलेल्या कापडाचे विमान उडवायचे म्हटले, की कुजलेले लाकूड आणि जीर्ण कापड बदलावेच लागते. तिथे जुनेपणाचा मोह ठेवता येत नाही. प्रदर्शनातील विमानाबाबत मात्र हात जितका कमी लागेल तितके बरे, असे माझे मत आहे. काकांना ते मान्य नाही. न उडणारे विमान त्यांच्या लेखी निव्वळ सामान.

जाणाऱ्यांनी सोमवार आणि मंगळवार टाळावेत, कारण त्या दिवशी संग्रहालय बंद असते. ओळखपत्र जवळ ठेवावे. मेट्रोच्या मॅजेंटा मार्गावरील पालम स्थानकावर उतरून पुढे रिक्षा करावी. नागपूरहून तेलंगणा एक्स्प्रेस किंवा जीटी (ग्रँड ट्रंक) एक्स्प्रेस सोयीची पडते. परंतु डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात गाड्या तासन्‌तास रखडतात, तेव्हा पोहोचण्याच्या दिवशीच संग्रहालय गाठण्याचा बेत आखू नये. बाहेरची जेट विमाने मागाहून पाहावीत. आधी वापिटीपाशी थांबून वरच्या आणि खालच्या पंखांमधले खांब आणि त्यांना तोलून धरणाऱ्या तारा निरखाव्यात. आमचा अर्धा तास त्यातच गेला, आणि काकांनी प्रत्येक तार बोटाने हवेतच मोजली.