आमची वाटचाल: एका सर्व्हरवर किती व्हीएम बसतात?

२०१२ साली मी आणि माझ्या मावसभावानं कोल्हापुरात कारखान्यांच्या कॉम्प्युटरचा हा व्यवसाय सुरू केला. सुरुवातीला पडेल ते काम केलं: लॅनच्या केबली ओढल्या, टॅली बसवून दिलं, प्रिंटर दुरुस्त केले. गिऱ्हाईक बहुतेक शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीतलं, फाउंड्री आणि मशीन शॉप. कुठल्याही कारखान्यात गेलं की कोपऱ्यात चार-पाच जुनी टॉवर मशीन दिसायची. एकावर हिशेब, एकावर हजेरी, एकावर ड्रॉइंग. दिवसातला बराच वेळ ती मशीन रिकामीच गरम होत बसलेली.

२०१४ मध्ये आम्ही पहिल्यांदा अशी तीन मशीन एका सर्व्हरवर व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एकाच सर्व्हरच्या आत चालणारे वेगवेगळे कॉम्प्युटर) करून आणली. मालक खूश झाले, बातमी शेजारच्या प्लॉटवर गेली आणि तिथून पुढं प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न ठरलेला: "यात किती बसतील ते सांगा की."

आम्ही सांगायचो. कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्र काम करणारे भाग) मोजायचे, रॅम मोजायची, भागाकार करायचा आणि आकडा द्यायचा. २०१६ मध्ये एका फाउंड्रीला असाच आकडा दिला: अकरा. सर्व्हर चांगला होता. दोन प्रोसेसर, मिळून १६ कोअर, ६४ जीबी रॅम. व्हीएमना ५४ जीबी वाटली तरी दहा जीबी शिल्लक राहत होती. कागदावर सगळं बसत होतं.

महिन्याभरात तक्रार आली. बिल सेव्ह होईना, स्क्रीन अडकते. आम्ही जाऊन बघितलं तर सीपीयू १८ टक्क्यांवर, रॅम मोकळी. तरी अजून १६ जीबी रॅम पदरची घातली. फरक शून्य. तीन खेपा झाल्या आणि प्रत्येक वेळी आम्ही दुपारी जायचो तेव्हा सगळं सुरळीत चाललेलं असायचं.

सुटका झाली ती तिथल्या अकाउंटंट मॅडमच्या वहीमुळं. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. मशीन अडलं की त्या वेळ लिहून ठेवत. "मंगळवार, ११.०४, बिल सेव्ह होईना, ६ मिनिटं." "बुधवार, ११.०३." "गुरुवार, ११.०५, हजेरीपण बंद." सोमवारी कारखान्याची सुट्टी, तेव्हा पान कोरं. ती वही घेऊन मी सर्व्हरसमोर बसलो. रोज अकरालाच का? अकराही व्हीएम आम्ही एकाच टेम्प्लेटवरून, म्हणजे तयार नमुन्यावरून, क्लोन केल्या होत्या आणि त्या टेम्प्लेटमध्ये अँटिव्हायरसचं पूर्ण स्कॅन रोज सकाळी अकराला लावलेलं होतं. अकरा मशीनचं स्कॅन एकाच मिनिटाला सुरू होत होतं, चार डिस्कवर.

त्या डिस्क ७,२०० आरपीएमच्या, रेड ५ मध्ये, म्हणजे एक डिस्क गेली तरी डेटा टिकावा अशा जोडणीत. अशी एक डिस्क सेकंदाला साधारण ८० वेळा वाचू किंवा लिहू शकते, म्हणजे चार मिळून ३२०. रेड ५ मध्ये एक छोटं लिहिणं म्हणजे डिस्कवरची चार कामं: जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी (डेटा परत मिळवण्यासाठीची जादा नोंद) वाचा, मग दोन्ही नव्यानं लिहा. त्यामुळं निव्वळ लिहायचं असेल तर हातात ८० उरतात. अकरा जणांत वाटले तर प्रत्येकी सात. त्यात स्कॅननं आधीच डिस्क गुंतवून ठेवलेल्या. मॅडमचं बिल त्या रांगेत उभं होतं आणि आम्ही बाहेर सीपीयूचा आलेख बघत होतो.

स्कॅन रात्री वेगवेगळ्या वेळी लावले, बॅकअपच्या वेळा फोडल्या आणि हिशेबाची व्हीएम दोन मिरर केलेल्या (एकीची हुबेहूब प्रत दुसरीवर) एसएसडीवर हलवली. अकराचं अडणं थांबलं. तेव्हापासून मोजल्याशिवाय आकडा सांगायचा नाही, हे आम्ही ठरवलं. महिनाभर मोजायचं, कारण १०-११ तारखेला जीएसटीआर-१ ची घाई, २० ला जीएसटीआर-३बी ची आणि महिनाअखेरीस स्टॉक. एखाद्या मोकळ्या मंगळवारचं मोजमाप घेऊन मार्चअखेरचा सर्व्हर ठरवता येत नाही. सरासरीपेक्षा आम्ही सगळ्यात जड पंधरा मिनिटं बघतो. क्रमही उलटा झाला: आधी डिस्क, मग रॅम, शेवटी सीपीयू.

सीपीयूचं सांगायचं तर साध्या ऑफिस कामाला एका कोअरमागं तीन-चार व्हीसीपीयू (व्हीएमला दिसणारे कोअर) आरामात चालतात. डेटाबेस असेल तर आम्ही एकास एकच्या जवळ राहतो, आणि हायपरथ्रेडिंगचे थ्रेड (एकच कोअर दोन असल्यासारखा दिसतो ते) कोअर म्हणून कधीच मोजत नाही. एका ठिकाणी रिपोर्ट हळू म्हणून कुणीतरी व्हीएमला आठ व्हीसीपीयू दिले होते. आम्ही चार केले आणि रिपोर्ट लवकर यायला लागला. गर्दीच्या सर्व्हरवर मोठ्या व्हीएमला एवढे कोअर मोकळे होईपर्यंत ताटकळावं लागतं. हा ताटकळण्याचा वेळ, म्हणजे रेडी टाइम, पाच टक्क्यांवर गेला की आम्ही सावध होतो. मालकांना मात्र पटवायला दोन दिवस लागले, कारण काहीतरी काढून घेतल्यावर काम सुधारतं हे मान्य करणं अवघड जातं.

ऑगस्ट २०१९ चा महापूर कोल्हापुरात कुणी विसरणार नाही. पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं, शिरोलीचा रस्ता बंद. त्याच फाउंड्रीत वीज नाही, जायला वाट नाही. त्यांचा रात्रीचा बॅकअप आमच्या ऑफिसात येत होता आणि आमचं ऑफिस उंचावर असल्यानं लाइट होती. पण आमच्याकडचं मशीन ३२ जीबीचं आणि तोवर त्यांच्या व्हीएम झालेल्या तेरा. फोनवर मालकांना विचारलं, कुठल्या सुरू करू? पगाराची तारीख तोंडावर होती आणि कामगारांच्या घरांत पाणी शिरलेलं. मालक म्हणाले, "पगार आधी. बाकीचं बघू." डोमेन (सगळ्यांचं लॉगिन तपासणारी), हिशेब, पगार, फाइल सर्व्हर आणि डिस्पॅच, या पाचच उठवल्या. मॅडम शहरातच राहायच्या. त्या चालत आमच्या ऑफिसात आल्या, माझ्या टेबलावर बसून त्यांनी पगार काढला. अर्थात वहीसकट आल्या होत्या.

ती पाच नावांची यादी घाईत फोनवर झाली. आता ती आम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाकडून आधीच लिहून घेतो: एकच सर्व्हर उरला तर काय चालू ठेवायचं आणि काय बंद. वीज गेली-आली तरी तोच क्रम उपयोगी पडतो. डोमेन आधी, मग डेटाबेस, मग बाकीचे, प्रत्येकात दोन मिनिटांचं अंतर. सगळ्या व्हीएम एकदम उठल्या तर डिस्कची पुन्हा तीच अकराची अवस्था होते.

आता बहुतेक ठिकाणी आम्ही दोन सर्व्हर देतो, प्रॉक्समॉक्स या व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर. अलीकडच्या एका कामात प्रत्येकी १९२ जीबी रॅम होती. त्यातले ८ होस्टला, म्हणजे खुद्द सर्व्हरला, १६ झेडएफएस या डिस्क सांभाळणाऱ्या फाइल सिस्टिमच्या कॅशला. उरले १६८. वीस टक्के मोकळे ठेवायचे, म्हणजे वापरायला १३४. त्यांच्या चौदा व्हीएमना लागत होते १४०. एक सर्व्हर पडला तर दुसऱ्यावर सगळं बसणार नाही. चाचणीच्या दोन व्हीएम, १६ जीबीच्या, अशा वेळी उठणार नाहीत असं ठरवलं तेव्हा १२४ वर आलो. मालकांचा प्रश्न रास्त होता: दोन सर्व्हरचे पैसे दिले तर व्हीएम दुप्पट का नाहीत? मी समजावत होतो तेवढ्यात त्यांनीच उत्तर दिलं. "म्हणजे आमच्या भट्टीसारखं. क्रुसिबल (धातू वितळवायची भांडी) दोन, पण एका वेळी वितळतं एकातच." इतकं नेमकं मला सांगता आलं नसतं.

परवान्याचं गणितही आधीच करावं लागतं. विंडोज सर्व्हर स्टँडर्डमध्ये सर्व्हरचे सगळे कोअर परवान्यात धरले, कमीत कमी १६, तर दोनच विंडोज व्हीएम चालवता येतात. पुढच्या दोघींसाठी सगळे कोअर पुन्हा विकत घ्यायचे. आणि व्हीएम दोन्ही सर्व्हरवर फिरणार असेल तर दोन्हीकडं परवाना हवा. हे कोटेशनमध्येच लिहिलेलं असावं, असा आमचा आग्रह असतो.

सध्या कागलकडच्या एका मशीन शॉपचं मोजमाप चालू आहे. आठ जुनी मशीन, प्रत्येकावर आमचं छोटं स्क्रिप्ट डिस्क आणि रॅमची नोंद ठेवतंय. मालकांचे दोन फोन येऊन गेले. त्यांना सांगितलंय, २० तारखेचं रिटर्न भरून होऊ दे, २२ ला आकडा घेऊन येतो. तिथल्या हिशेबाच्या टेबलावर एक दोनशे पानी वहीही ठेवून आलोय.