दुसरा डोळा स्वच्छ कसा?

डोळ्यांची साथ होती. सकाळपासून बाकांवर लाल डोळ्यांची रांग. बहुतेकांचं गाऱ्हाणं सारखंच. आधी एक डोळा, दोन-तीन दिवसांत दुसरा, पाणी, वाळू गेल्यासारखं खुपणं, सकाळी चिकटलेल्या पापण्या. काहींना कानापुढे दाबलं की दुखरी गाठ लागायची. हा बहुधा ॲडेनोव्हायरस नावाचा विषाणू. त्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नाही; गार पाण्याच्या घड्या आणि एक-दोन आठवडे धीर. नुसतं बघून तो लागत नाही, हात, टॉवेल, उशीचा अभ्रा यांतून जातो. हे इतक्यांदा सांगून झालं होतं की तपासण्याआधीच ओठांवर यायचं.

अकराच्या सुमारास एक शिक्षक आले, सोबत पत्नी. "डोळा आलाय, थेंब चालू आहेत. कामावर जायला दाखला तेवढा द्या."

सहा दिवस झाले होते, तरी लाल एकच डोळा. टॉर्च लावताच उजेड सहन न होऊन त्यांनी मान फिरवली. तिथे मी थबकले. तक्त्यावरच्या खालच्या दोन ओळी त्यांना वाचता येईनात. साध्या डोळे येण्यात चिपड पुसली की बहुधा दिसतं. इथे पुसूनही धूसरच होतं.

बुबुळावरची जखम दाखवणाऱ्या फ्लुरोसिन रंगाची पट्टी लावून निळ्या उजेडात पाहिलं. बुबुळावर हिरवी, चमकती फांदी, टोकांना बारीक गाठी. हर्पिस विषाणूची जखम!

"थेंब कोणते?"

पत्नीने पर्समधून बाटली काढली. गेल्या वर्षी तिलाच दिलेले, स्टिरॉइडचे. दोन दिवसांत लाली उतरली म्हणून दोघं निर्धास्त होते. स्टिरॉइडने लाली उतरते, पण हर्पिसला रान मोकळं होतं. जखम खोल गेली तर बुबुळावर कायमचा डाग राहतो.

"मीच घालत होते हो," एवढंच ती म्हणाली. तिचा चेहरा अजून आठवतो. वेळेत आलात, हे मी तिला दोनदा सांगितलं.

थेंब बंद केले. ॲसायक्लोव्हिर या विषाणूविरोधी औषधाचं 3 टक्के मलम, दिवसातून 5 वेळा.

ते गेल्यावर मी सकाळचे कागद काढले. एकच डोळा लाल असलेले तिघं होते, त्यांतली एक मुलगी कॉन्टॅक्ट लेन्स वापरणारी. लेन्स घालणाऱ्याचा लाल डोळा तर निळ्या उजेडात बघायलाच हवा, आणि घाईत माझ्याकडून ते राहिलं होतं. तिघांनाही फोन करून परत बोलावलं. सुदैवाने बुबुळं स्वच्छ निघाली.

दोन आठवड्यांनी शिक्षकांची फांदी पुसली गेली होती. एक ओळ परत आली. दुसरीतली अक्षरं ते अजून चाचपडत वाचत होते.