पेण ते जयगड: बाबांबरोबर सागरी मार्गाने

हा रस्ता मी मुद्दाम निवडला. महामार्गाने गेलं तर पेणहून गणपतीपुळे एका दिवसात होतं. सागरी मार्गावर मात्र चार खाड्या जंगलजेटीने, म्हणजे गाड्या वाहून नेणाऱ्या बोटीने, पार कराव्या लागतात: आगरदांडा ते दिघी राजपुरीची खाडी, बागमांडला ते वेसवी सावित्रीची, दाभोळ ते धोपावे वाशिष्ठीची आणि तवसाळ ते जयगड शास्त्रीची. दर वेळी इंजिन बंद करून खाली उतरायचं आणि दहा-वीस मिनिटं कठड्याला टेकून उभं राहायचं. ज्याच्याशी बोलणं तुटलंय अशा माणसाबरोबर निघणार असाल तर हे थांबे फार कामाचे आहेत.

बाबा एसटीत चालक होते, आता निवृत्त आहेत. मी माझ्या मनाने लग्न केलं, त्या लग्नाला ते आले नाहीत. पुढे आमची ख्यालीखुशाली आईच्या तोंडूनच एकमेकांना कळायची. आई गेली आणि तेही थांबलं. जानेवारीत मी फोन करून विचारलं, "बाबा, कोकणात गाडीने जाऊ या? दोघंच." त्यांनी विचारलं, "चालवणार कोण?" मी म्हटलं, मी. "बरं."

पेण, पोयनाड, अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड हा भाग बहुतेकांच्या पायाखालचा आहे. शनिवार-रविवार टाळा, एवढंच सांगते. या पट्ट्यात बाबा बोलले ते फक्त गाडीबद्दल. वळणाला हॉर्न दे. चढणाऱ्या गाडीला आधी वाट दे. ज्या गिअरवर चढ चढतेस त्याच गिअरवर उतार उतर, ब्रेकवर पाय ठेवून बसू नकोस. मी ऐकत गेले. या रस्त्यावर नव्याने गाडी घालणाऱ्यांनीही ऐकावं, कारण दिवेआगर ते श्रीवर्धन हा शेखाडीवरून जाणारा समुद्राकाठचा रस्ता इतका देखणा आहे की चालवणाऱ्याची नजर हटते. बघायचं असेल तर कडेला घेऊन थांबा.

मुक्काम हरिहरेश्वरला केला. पहिल्या रात्री दोन वेगळ्या खोल्या घ्या, हा माझा आग्रहाचा सल्ला. दिवसभर शेजारी बसल्यावर दोघांनाही दार लोटून घ्यायला जागा हवी असते. देवळामागची प्रदक्षिणेची वाट खडकातून जाते, पायऱ्या उंच आहेत. गुडघे दुखत असतील तर ती सोडून द्या, आणि भरतीच्या वेळी कुणीच जाऊ नका.

सकाळी बागमांडल्याला पोचलो तेव्हा बोट पलीकडे होती. बाबा धक्क्यावर उभे राहून खाडीच्या वरच्या अंगाला बघत होते. "हीच ती सावित्री," ते म्हणाले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात महाडजवळचा महामार्गावरचा ब्रिटिशकालीन पूल कोसळला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी वाहून गेल्या. बाबा तेव्हा मुंबईच्या गाड्यांवर असायचे. सकाळी बातमी बघून मी स्टँडवर फोन केला होता. स्वतःचं नाव न सांगता, हे चालक रात्री ड्यूटीवर होते का, एवढंच विचारून ठेवून दिला होता.

"कंट्रोलरने सांगितलं होतं मला," बाबा म्हणाले, "एका बाईचा फोन येऊन गेला म्हणून. मी ओळखलं. पण त्या आठवड्यात कुणाशी बोलवतच नव्हतं. मग राहूनच गेलं."

बोटीवर चढल्यावर मी विचारलं, "लग्नाला का नाही आलात?"

"त्या दिवशी ड्यूटी मागून घेतली. घरी बसलो असतो तर आलो असतो."

तेवढ्यात बोट वेसवीला लागली आणि गाडी उतरवावी लागली. मला रागच आला होता. केळशीपर्यंत मी एक शब्द बोलले नाही, आणि त्यांनीही बोलायला लावलं नाही.

केळशीत त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. नोकरीच्या सुरुवातीला ते दापोली आगारात होते आणि इथे वस्तीची गाडी घेऊन यायचे. रात्री शेवटची फेरी गावात पोचायची, चालक-वाहक तिथेच झोपायचे, पहाटे पहिली फेरी घेऊन निघायचे. बस कुठे लावायचे, आंघोळीला कोणत्या विहिरीवर जायचे, हे सगळं त्यांनी मला चालत फिरून दाखवलं. लहानपणी बाबा आज घरी नाहीत एवढंच आम्हाला कळायचं. ते कुठे असायचे हे मी पहिल्यांदा बघत होते, आणि मला आणखी बघायचं होतं. संध्याकाळ तिथेच झाली, त्यामुळे हर्णैचा मासळीचा लिलाव हुकला. तुम्हाला तो बघायचा असेल तर दुपारनंतर वेळेत बंदरावर पोचा. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीपर्यंत गाडी जाते, वयस्क माणसांना तो सहज होतो.

पुढे दाभोळ, गुहागर, हेदवी. बाबांची मागच्या दिवसांबद्दलची बडबड आणि माझी पुढच्या दिवसांबद्दलची, दोन्ही तिथे सुरू झाल्या. त्या आमच्या आमच्यात राहू देत.

काही व्यवहाराच्या गोष्टी. बोटीवर गाडी चढवताना खलाशी सांगेल तसंच करा, कधी उलटी घ्यावी लागते. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा. हवा बिघडली की फेरी बंद राहते, म्हणून पावसाळ्यात या मार्गावर भिस्त ठेवू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. शेवटच्या बोटीची वेळ आदल्या दिवशी विचारून घ्या. दाभोळची बोट चुकली तर चिपळूणवरून मोठा वळसा पडतो. टाकी श्रीवर्धन, दापोली, गुहागर इथे भरा, सुटे पैसे जवळ ठेवा, घरगुती खानावळीत जेवण आधी सांगून ठेवा. आणि मनातला अवघड प्रश्न आधीपासून घोकून नेऊ नका. मी नेला होता तो मुरूडलाच विसरले, आणि विचारला तो भलताच.

पुढच्या थंडीत जयगडपासून विजयदुर्गापर्यंत जायचं बाबांनी ठरवलंय: आरे-वारे, रत्नागिरी, पावस, पूर्णगड, जैतापूर. त्या टप्प्यात खाड्यांवर पूल आहेत, बोटीची वाट बघावी लागत नाही. निम्मं अंतर ते स्वतः चालवणार आहेत.