खिळ्याला टांगलेलं घर

लेक पुण्यासनं चार दिवसांसाठी आली की पहिला दिवस झोपून काढते आणि दुसऱ्या दिवशी माझं घर आवरायला घेते. माझं. तिचं तिकडचं घर मी बघून आलेय, बोलत नाही एवढंच. तर परवा दुपारी जेवणं आटपून सोप्यात जरा आडवी झाले होते, बेळगावात आमच्या शहापुरात पाऊस असा लागलेला की रस्त्यावरची रिक्षापण ऐकू येईना, आणि स्वयंपाकघरातनं ही ओरडली, "आई, हे काय आहे? टाकूया ना?"

बघते तर तिच्या हातात तार. दारामागच्या खिळ्यावरची, लाईट बिलांची.

"ठेव ती जागच्या जागी," मी म्हटलं आणि उठून बसले. झोप गेली ती गेलीच.

आमची तार विकतची नाही हो. मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, छत्रीच्या काडीपासनं केलेली. बेळगावच्या पावसात मोडक्या छत्रीला काय तोटा. एका छत्रीत आठ काड्या निघतात, त्यातली एक मोरीचं भोक साफ करायला, एक जाईचा वेल बांधायला, बाकीच्या माळ्यावर "लागतील" म्हणून, आणि ही एक बिलांना. वरचं टोक वाकवून आकडा केलाय आणि दगडावर घासून घासून सुईसारखं केलंय. खालच्या टोकाला हवाई चपलेतनं कापलेली निळी चकती, म्हणजे कागद घसरून खाली पडायला नकोत. चकतीवर अजून चपलेची नक्षी दिसते. बिल भरून आले की मामा शर्ट काढायच्या आधी ते तारेत टोचायचे, आणि टोचताना बरोबर मधोमध, कडेला टोचलेलं त्यांना चालायचं नाही. मला तर अजून चालत नाही. आमचे हे कधीमधी घाईत कोपऱ्याला टोचतात, ते मी गुपचूप काढून परत टोचते. आता तुम्ही हसा.

तारेची गंमत अशी की मधलं एखादं बिल पाहिजे असेल तर वरची सगळी उतरवायला लागतात. म्हणून कोण काढत नाही. म्हणून हरवत नाही.

मी १९९१ ला लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा तार अर्धी भरलेली होती. तळाच्या बिलांवर केईबी, म्हणजे कर्नाटकाचं जुनं वीज मंडळ, मग नाव बदलत १९९९ नंतर केपीटीसीएल, मग २००२ पासनं हुबळीची हेस्कॉम. खरं आमच्या तोंडात कोण बसलंय? मीटर बघायला माणूस आला की आम्ही अजून "केईबीवाला आलाय" म्हणूनच आत हाक मारतो. बिलांच्या मधे मधे विम्याच्या पावत्या, त्यावर इंग्रजीत आधी बेलगाम आणि २०१४ नंतर बेळगावी. कन्नडमध्ये ते आधीपासनंच बेळगावी होतं, आणि आम्ही बोलतो बेळगाव, तेव्हा बदललं ते तेवढं इंग्रजीतलं. तो वाद मी इथं काढत नाही, आमच्या घरात त्यावरनं चहा गार झालेले आहेत.

मामांचं एक होतं, रविवार पेठेत कन्नड फाडफाड बोलायचे, घासाघीस तर कन्नडातनंच, समोरचा व्यापारी मराठी असला तरी. वाचता मात्र एक अक्षर येत नव्हतं. शाळा पूर्ण मराठी. मग बिल आलं की माझ्या ह्या लेकीला मांडीवर घ्यायचे, ती तेव्हा तिसरीत का चौथीत, शाळेत कन्नड नुकतंच सुरू झालेलं, आणि ती बोट ठेवून ठेवून वाचायची, ओ... ट्टु... ओट्टु. "म्हणजे काय?" "म्हणजे एकूण, आजोबा." एकूणचा आकडा तर त्यांना आधीच दिसलेला असायचा. तरी दर खेपेला वाचून घ्यायचे. आणि आता तीच पोरगी तार हातात धरून विचारते, टाकूया ना.

तिच्या डोक्यात कुठल्यातरी जपानी बाईचं आहे, वस्तू हातात धरायची आणि आनंद होतो काय ते बघायचं, नाही झाला तर टाकायची. मी म्हटलं लाईटचं बिल हातात धरून आजपर्यंत कुणाला आनंद झालाय?

बरं तिचं सगळंच चूक असं नाही म्हणत मी. एक गोष्ट तिनं शिकवली ती मला फार आवडली, चादर आणि एक अभ्रा घडी करून त्याच्या जोडीच्या दुसऱ्या अभ्र्यातच घालून ठेवायचं, म्हणजे पाहुणे आल्यावर एक पुडकं ओढलं की सगळा सेट हातात. कपड्यांच्या उभ्या घड्यापण बऱ्या, वरचा ढीग न पाडता खालचा ब्लाऊज निघतो. खरं डब्यांचं मला पटलं नाही. मागच्या खेपेला तिनं एक डझन पारदर्शक डबे ऑनलाईन मागवले आणि माझ्या स्वयंपाकघरातलं जे जे लोंबकळत होतं ते ते डब्यांत भरून वर इंग्रजीत चिठ्ठ्या चिकटवल्या. ती गेल्यावर मी तीन दिवस किसणी हुडकूलाले. किसणी माझी खिडकीच्या गजाला एस आकाराच्या तारेत असते, वीस वर्षं तिथंच, अंधारात हात घातला तरी सापडते. शेवटी फोन लावला. "आई, टूल्समध्ये बघ." टूल्समध्ये किसणी! पक्कड आणि किसणी एका डब्यात. डब्यात गेलं ते गेलं, असं मी नाही, आमच्या सासूबाई म्हणायच्या, आणि त्यांचं सोनंपण गाठोड्यात बांधून तुळईला टांगलेलं असायचं म्हणे, चोरानं वर बघितलंच नसणार.

माझं बालपण टांगलेल्या घरात गेलं. माहेर खानापूर तालुक्यात, जंगलाच्या बाजूला. तिथला पाऊस म्हणजे जून ते सप्टेंबर जमिनीवर काही ठेवायची सोय नाही. मातीची जमीन, खालून ओल, वाळवी, मुंग्या, उंदीर, आणि दारातनं आत आलेली बेडकं. मग जे काय आहे ते वर. दूध-लोणी शिंक्यात, बियाणाची कणसं आढ्याला, वाकळा दांडीवर, कांदे चुलीच्या वर धुराला, दारात इरली. तांदळाची कणगी तेवढी खाली, तीपण फळीवर, आणि आत आई कडुलिंबाचा पाला घालायची. त्याचा वास शाळेच्या डब्यातल्या भाताला यायचा असं मला वाटायचं, भाऊ म्हणायचा तुझं नाक खोटं आहे.

आणि खुंट्या. मातीच्या भिंतीत खिळा टिकत नाही, चार दिवसात ढिला होऊन मातीसकट हातात येतो. खुंटी भिंत घालतानाच तिच्यात बसवायची. म्हणजे घर बांधतानाच ठरायचं किती खुंट्या. आमच्या सोप्यात सहा होत्या. आजोबांची घोंगडी आणि पंचा, बाबांची टोपी आणि कोर्टकचेरीची पिशवी, काकांची, भावाची, मग माझी, आणि शेवटची कंदिलाची. माझ्या खुंटीला माझं दप्तर आणि एक रिबिन. दुसऱ्या कुणाचं काही त्यावर दिसलं की मी घर डोक्यावर घ्यायचे.

मी दुसरीत असताना आत्या आली. दिवाळी नाही, पंचमी नाही, भर पावसात आली, हातात एक पिशवी. आमच्यासमोर कोण काही बोललं नाही. रात्री जेवणं झाली, आणि तिनं ती पिशवी कुठं ठेवायची म्हणून इकडं तिकडं बघितलं आणि माझ्या खुंटीला अडकवली. माझं दप्तर काढून खाली ठेवलं, हळूच, भिंतीला टेकवून. सकाळी दप्तराला ओल लागलेली, पाटीची लाकडी चौकट फुगलेली. मी जे रडले! आत्यासमोरच. "ही कधी जाणार?" असंपण म्हटलं. आईनं एक दिली पाठीत.

आजोबा काही बोलले नाहीत. दुपारी पावसानं उघडीप दिली तसं त्यांनी पहार घेतली, भिंतीत हळू हळू भोक पाडलं, परसातल्या फणसाच्या फांदीचा वीतभर तुकडा विळ्यानं तासला, शेण-माती कालवून तो तुकडा भोकात बसवला आणि म्हणाले, दोन दिवस कोण हात लावू नका, सुकू दे. माझ्या आणि कंदिलाच्या मधे. सातवी खुंटी. ती दोन दिवस आत्या पिशवी मांडीवर घेऊन बसायची, तेवढं मला आठवतंय, स्वयंपाक करताना पण पाटावर मागे ठेवायची. तिसऱ्या दिवशी अडकवली. आत्या मग गेलीच नाही, तिकडंच राहिली, आम्हा सगळ्यांची बाळंतपणं तिनं केली. खुंटी अजून आहे. भावजय हल्ली तिला मोबाईलचा चार्जर अडकवते.

मी काय सांगत होते? हां, खिळे.

आत्ताच्या सिमेंटच्या भिंतीत साधा खिळा हातोडीनं मारून जात नाही, एक तर वाकतो नाही तर गिलाव्याचा रुपयाएवढा टवका उडवतो. ड्रिल पाहिजे, प्लग पाहिजे. भाड्याचं घर असलं तर मालक आधीच सांगतो खिळा मारायचा नाही. लेकीच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये तेच, म्हणून तिकडं सगळं डब्यात, ते मी समजू शकते. तिनं इथं ते चिकटवायचे हुकपण आणले होते. मे महिन्यात लावले, छान दिसले. जुलैत आमच्या भिंतींना घाम फुटला आणि रात्री दोन वाजता धप्पकन आवाज. हे काठी घेऊन स्वयंपाकघरात. चोर नव्हता, कढई होती. त्यानंतर आठवडाभर रोज एक हुक पडत होता, आम्ही जेवताना पैज लावायचो आज कुठला.

आमच्या घरातले खिळे मामांनी घर बांधताना गवंड्याच्या मागे लागून लाकडी ठोकळे बसवून घेतलेत, त्यात मारलेले. खुंटीचीच युक्ती झाली की. एका खिळ्याला कालनिर्णय. नवीन वर्षाचं जुन्याच्या वरनं लावायचं, जुनं काढायचं नाही, त्यामुळे सात-आठ वर्षं एकावर एक आहेत, कारण गॅस सिलिंडर कधी लावला ते त्यावरच लिहिलेलं असतं आणि मागचा किती दिवस गेला ते बघायचं असतं. दाराच्या कडीला रबर बँड. शिवणकामाची बटणं कुंद्याच्या रिकाम्या बॉक्समध्ये, तो बॉक्सपण पिशवीत घालून टांगलेला, हे जरा जास्तच झालं, मान्य आहे. येणारा पाहुणा बॉक्स बघून खुश होतो आणि आत बटणं निघतात.

तर तार. लेकीनं टाकायच्या आधी तडजोड काढली. "आई, मी सगळ्या बिलांचे फोटो काढते, फोनमध्ये ठेवू, कागद टाकू." बसलो मग दोघी सोप्यात, तार मधे. ती एकेक उतरवूलाली. वरची चार-पाच वर्षांची बिलं बघितली तर कोरी. आता बिल देताना तो माणूस मशीनमधनं कागद फाडून देतो ना, त्याची शाई उडते, स्वयंपाकघराच्या उष्णतेनं तर लवकरच उडते. नुसते पिवळट पांढरे कागद, मधोमध भोक. जसजसं खाली जावं तसं दिसायला लागलं. तळाची, हातानं कार्बन घालून लिहिलेली बिलं तर कालच लिहिल्यासारखी. म्हणजे जे आत्ताचं ते गेलं आणि सगळ्यात जुनं तेवढं राहिलं. लेक म्हणाली, "ह्या कोऱ्यांचा काय फोटो काढू?" मग फोन बाजूला ठेवून नुसतीच वाचत बसली. एका बिलामागे मामांनी पेन्सिलीनं दूधवाल्याचा हिशोब केलाय, बेरीज चुकलीय. एकावर तिनंच लहानपणी कन्नडमध्ये आपलं नाव लिहिलंय, उलटं.

सगळी परत चढवली. भोकं जुनीच होती, त्यामुळे पटापट चढली.

एवढ्यात बाहेर छत्री मिटल्याचा आवाज आणि हाक, केईबीवाला. रिडिंग घेतलं, कागद फाडला, दिला, गेला. कर्नाटक सरकारची फुकट विजेची गृहज्योती योजना आल्यापासनं, म्हणजे २०२३ पासनं, दोनशे युनिटच्या आत आणि आपल्या नेहमीच्या वापराच्या हिशोबात बसलं की भरायला काही नसतं. तो अर्ज आम्ही ह्यांचं आधार जोडून केला, खरं मीटर अजून मामांच्याच नावावर आहे. नाव बदलून घ्यायचं नऊ वर्षं राहिलंय. गेलं की एक कागद कमी पडतो, आणि मग आम्हीपण चिकाटी धरत नाही. दर महिन्याला त्यांच्या नावानं बिल येतं.

लेकीनं हातात घेतलं आणि सवयीनं बोट ठेवून वाचलं. आजोबांचं नाव. खाली ओट्टु, शून्य.

ती मधोमध बघून टोचूलाली तेव्हा माझ्या लक्षात आलं की दारामागचा खिळा जरा हललाय. ठोकळा आतनं कुजला काय बघायला पाहिजे. पाऊस थांबू दे.