डाव्या हाताची देबा

मी डावखुरी. जपानी सुऱ्या जमवायला लागले आणि लगेच लक्षात आलं, की दुकानातल्या काचेमागच्या कितीतरी सुरेख सुऱ्या माझ्यासाठी नाहीतच. भाजीच्या नाकिरीला दोन्ही बाजूंनी धार असते, त्यामुळे एचिझेन या सुऱ्यांसाठी नावाजलेल्या भागातली नाकिरी मी बिनदिक्कत घेतली. पण मासे कापायची देबा एकाच बाजूने उतरती घासलेली असते. उजवी बाजू उतरती, डावी सपाट आणि मधे किंचित खोलगट. ती डाव्या हाताने चालवली की पातं भलतीकडे ओढलं जातं आणि अर्धं मांस काट्यालाच राहतं. मासे खाणाऱ्या घरातून आलेल्या माणसाला हे बघवत नाही.

मी ओसाकात राहते, सुऱ्या घडवणाऱ्यांचं साकाई शहर इथून जवळ. तिथे एक सुरी एकटा माणूस बनवत नाही. लोहार मऊ लोखंडाला पोलाद जोडून पातं घडवतो, धार काढणारा वेगळा, मूठ बसवायचं कामही निराळं. डावखुरी सुरी म्हणजे लोहाराने पोलाद उलट्या अंगाला जोडायचं आणि धारवाल्याने हाताची सगळी सवय उलटी करायची. म्हणून तयार सुरी क्वचित मिळते, ऑर्डर द्यावी लागते, पैसे जास्त पडतात आणि वाट महिनोन् महिने बघावी लागते. मला ते पैसे रास्त वाटले.

दुकानातल्या आजोबांनी आधी विचारलं, मासे कुठले कापता आणि धार स्वतः लावता का. मग पोलादाचा विषय निघाला. शिरोगामी म्हणजे जवळजवळ नुसतं लोखंड आणि कार्बन. दगडावर पटकन धार घेतं, पण गंजतंही पटकन. आओगामीत क्रोमियम आणि टंगस्टन असतं, धार जास्त टिकते, लावायला मात्र वेळ जातो. धार लावायला शिकायचंच होतं, म्हणून मी शिरोगामी सांगितलं.

सुरी हातात आली तरी ती घरी पोचेपर्यंत खोक्यातून काढायची नाही. सहा सेंटिमीटरपेक्षा लांब पातं सबळ कारणाशिवाय जवळ बाळगणं जपानात गुन्हा आहे.

पहिल्यांदा कापला तो सबा, आपल्या बांगड्याच्याच कुळातला. डोकं उडवलं, पोट साफ केलं आणि पातं पाठीच्या काट्यावर टेकवून शेपटीकडे नेलं. सपाट बाजू काट्याला धरून सरळ गेली आणि काट्यावर जेमतेम मांस उरलं. इतकी वर्षं मासे कापतेय, पण हात असा कधी चालला नव्हता.

धार लावताना उतरती बाजू १००० नंबरच्या दगडावर घासते. काठाशी बोटाला बारीक खरखर लागली की सपाट बाजू फक्त सगळ्यात बारीक कणांच्या दगडावर, पूर्ण टेकवून, दोन-चार हलके हात. ती बाजू जास्त घासली तर खोलगटपणा जातो आणि सुरी वाया जाते. काम झालं की लगेच धुऊन कोरडी करायची.

आता यानागिबाची, म्हणजे कच्च्या माशाचे पातळ काप करायच्या लांब सुरीची, ऑर्डर दिली आहे. मूठ अष्टकोनी, होओच्या, म्हणजे जपानी मॅग्नोलियाच्या लाकडाची, शेंबी म्हशीच्या शिंगाची. एका बाजूला फुगीर असलेली मूठ सहसा उजव्या हाताच्या बेताने घडवतात. अष्टकोनी कुठल्याही हातात बसते.